एलिझे करार

एलिझे करार : फ्रान्स आणि तत्कालीन पश्चिम जर्मनी यांच्यात २२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसच्या एलिझे प्रासादात झालेला सहकार्याचा करार. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल आणि जर्मन चान्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी त्यावर सह्या केल्या. १८७०, १९१४ आणि १९४० अशा तीन वेळा रणांगणावर समोरासमोर आलेल्या या दोन देशांनी वर्षातून ठरावीक वेळा एका टेबलाशी बसायचेच, असे या कराराने ठरवून टाकले. अमेरिकेवर किती विसंबायचे, या युरोपच्या जुन्या दुखण्यालाही याच कराराने तोंड फोडले.

सही करणाऱ्या दोघांचे पूर्वायुष्य लक्षात घेतल्याशिवाय या घटनेचे मोल कळत नाही. द गोल १९१६ च्या मार्चमध्ये व्हर्दँजवळच्या दुओमाँ येथे जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. पळून जाण्याचे त्यांचे सारे प्रयत्न फसले. १९४५ नंतरही जर्मनीचे तुकडे करावेत, हेच त्यांचे मत होते. आडेनाउअर कोलोनचे महापौर; नाझींनी त्यांना १९३३ मध्ये पदावरून काढले आणि १९४४ मध्ये तुरुंगात टाकले. द गोल १९५८ मध्ये पुन्हा सत्तेवर आले तेव्हा आडेनाउअर धास्तावलेच होते. त्या सप्टेंबरात द गोल यांनी त्यांना पॅरिसला न बोलावता कोलोम्बे-ले-दोझेग्लीझ या खेड्यातल्या आपल्या राहत्या घरी मुक्कामाला बोलावले. हा मान त्यांनी दुसऱ्या कोणत्याही परदेशी नेत्याला कधी दिला नाही. राजवाड्यातल्या मेजवान्यांनी जे साधले नसते, ते घरातल्या त्या एका मुक्कामाने साधले. दोघांचा एकमेकांवर विश्वास बसला तो तिथे.

जवळीक नुसत्या भावनेवर उभी नव्हती. १९५८ च्या अखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी पश्चिम बर्लिन सोडण्यासाठी पाश्चात्त्य सैन्यांना मुदत दिली. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहू लागली. अमेरिका रशियाशी परस्पर समझोता करील आणि जर्मनी वाऱ्यावर पडेल, ही भीती आडेनाउअर यांच्या मनात घर करून बसली. द गोल यांची सल वेगळी होती. अटलांटिक आघाडीचे, म्हणजे नाटोचे, धोरण अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी मिळून ठरवावे, असे पत्र त्यांनी १९५८ मध्येच अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आणि ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांना लिहिले होते. त्यातून हाती काही लागले नाही. युरोपीय आर्थिक समुदायातल्या सहा देशांच्या राजकीय संघाची त्यांची कल्पना, म्हणजे फूशे योजना, हॉलंड आणि बेल्जियम यांच्या विरोधामुळे एप्रिल १९६२ मध्ये बारगळली. सहा जमेनात म्हणून दोघे, असा या कराराचा जन्म आहे.

१९६२ साली लोकांची मने तयार करण्याचे काम झाले. ८ जुलैला दोघांनी रँसच्या कॅथीड्रलमध्ये शेजारी उभे राहून प्रार्थना केली. याच कॅथीड्रलवर १९१४ मध्ये जर्मन तोफगोळे पडले होते आणि याच शहरात ७ मे १९४५ ला जर्मन सेनेने शरणागतीवर सही केली होती. कॅथीड्रलपुढच्या फरसबंदीत आज एक लेख कोरलेला दिसतो : चान्सेलर आणि मी दोन्ही देशांच्या समेटावर शिक्कामोर्तब करायला आपल्या कॅथीड्रलमध्ये आलो आहोत, असे द गोल यांचे आर्चबिशपांना उद्देशून शब्द, खाली तारीख, आणि वेळही : ११ वाजून २ मिनिटे. इतिहासाच्या क्षणाचे मिनिट नोंदवून ठेवावेसे वाटणे, यातच त्या दिवसाचे गांभीर्य आहे. सप्टेंबरमध्ये द गोल जर्मनीच्या दौऱ्यावर गेले. लुडविग्सबुर्ग येथे हजारो तरुणांपुढे ते जर्मनमधून बोलले. भाषण त्यांनी पाठ करून आणले होते. तुम्ही एका थोर राष्ट्राची मुले आहात, असे त्यांनी त्या तरुणांना सांगितले आणि त्या राष्ट्राच्या हातून इतिहासात मोठ्या चुका झाल्या, हेही गाळले नाही. युद्धाला सतरा वर्षेच झाली होती. बापांच्या पापाचे ओझे घेऊन वाढलेल्या त्या पिढीला हे शब्द एका फ्रेंच सेनानीकडून, तेही आपल्या भाषेत, ऐकायला मिळाले.

करार ज्या महिन्यात झाला, तो मात्र वादळी होता. १४ जानेवारी १९६३ च्या पत्रकार परिषदेत द गोल यांनी युरोपीय आर्थिक समुदायात ब्रिटनला प्रवेश नाकारला. मॅकमिलन यांनी महिनाभरापूर्वीच नासाऊ येथे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडून पोलॅरिस ही पाणबुडीतून डागायची क्षेपणास्त्रे घेण्याचे ठरवले होते. ब्रिटन आला की पाठोपाठ अमेरिकाही आत येईल, असा द गोल यांचा हिशेब. त्यानंतर आठच दिवसांनी ८७ वर्षांचे आडेनाउअर पॅरिसमध्ये होते. मुळात एक साधा मसुदा करायचा बेत होता. जर्मन बाजूच्या आग्रहाने ऐन वेळी त्याचा रीतसर करार झाला. सह्या होताच द गोल यांनी आडेनाउअर यांना मिठी मारली.

करार आटोपशीर आहे. राष्ट्राध्यक्ष आणि चान्सेलर यांनी वर्षातून किमान दोनदा भेटायचे, परराष्ट्रमंत्र्यांनी आणि संरक्षणमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी. परराष्ट्रधोरणातल्या महत्त्वाच्या निर्णयाआधी एकमेकांशी बोलायचे. संरक्षण, शिक्षण आणि तरुणांची देवाणघेवाण यांत सहकार्य करायचे. अमुक बाबतीत एकमत झालेच पाहिजे, असे बंधन त्यात नाही. बंधन आहे ते भेटण्याचे.

वॉशिंग्टनमध्ये यावर संताप उमटला आणि तो पश्चिम जर्मनीच्या राजधानीपर्यंत, बॉनपर्यंत, पोहोचायला वेळ लागला नाही. १६ मे १९६३ रोजी जर्मन संसदेने, म्हणजे बुंडेस्टागने, कराराला मंजुरी दिली. पण मंजुरीच्या कायद्याला आपली एक प्रस्तावना जोडून. अमेरिकेशी घट्ट भागीदारी, नाटोच्या चौकटीतले संरक्षण, ब्रिटनसह युरोपचे ऐक्य आणि खुला व्यापार ही जर्मनीची उद्दिष्टे अबाधित आहेत, असे तीत म्हटले होते. द गोल यांनी ज्यासाठी हा घाट घातला होता, नेमके तेच निकालात निघाले. करार हे मुलींसारखे आणि गुलाबांसारखे असतात, टिकतात तोवर टिकतात, हे त्यांचे उद्गार त्याच उन्हाळ्यातले. आडेनाउअर यांना गुलाबांचा मोठा नाद. ऱ्हाइनकाठच्या ऱ्योनडोर्फमधली त्यांची बाग प्रसिद्ध आहे. गुलाबाचे झाड चिवट असते, हिवाळ्यातूनही तगते, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. माझ्या मते या बाबतीत माळी सेनानीपेक्षा खरा ठरला.

पुढची काही वर्षे मात्र त्या गुलाबाला काटेच होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये आडेनाउअर पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले लुडविग एर्हार्ड अमेरिकेकडे झुकलेले होते. १९६५ च्या जुलैपासून फ्रान्सने समुदायाच्या मंत्रिपरिषदेवर बहिष्कार टाकला. ही ‘रिकामी खुर्ची’ जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गच्या तडजोडीने भरली. त्याच मार्चमध्ये फ्रान्स नाटोच्या एकत्रित लष्करी व्यवस्थेतून बाहेर पडला आणि नाटोला पॅरिसमधले बिऱ्हाड आवरून बेल्जियममध्ये जावे लागले. फ्रान्स त्या व्यवस्थेत परतला तो २००९ मध्ये. इतके बिनसूनही ठरलेल्या भेटी चुकल्या नाहीत. कराराचे सारे बळ या नेमात आहे. ज्यांचे पटत नाही त्यांनाही कॅलेंडर पाहून भेटावे लागते, आणि भेटीची तयारी करणारे अधिकारी एकमेकांना नावानिशी ओळखू लागतात.

या नेमातूनच पुढच्या जोड्या घडल्या. चान्सेलर हेल्मुट श्मिट आणि राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या काळात १९७९ मध्ये युरोपीय चलनव्यवस्था आली. त्यांचे उत्तराधिकारी हेल्मुट कोल आणि फ्रान्स्वा मितराँ २२ सप्टेंबर १९८४ रोजी दुओमाँच्या अस्थिस्मारकापुढे हातात हात घेऊन उभे राहिले. द गोल पकडले गेले ते हेच ठिकाण. जर्मनीच्या एकीकरणाने मितराँ अस्वस्थ झाले होते, पण त्यातूनही युरोपीय संघ स्थापणारा १९९२ चा मास्ट्रिख्ट करार आणि पुढे युरो आला. २००३ मध्ये दोन्ही संसदांनी कराराची चाळिशी व्हर्सायमध्ये एकत्र साजरी केली. तेव्हा इराकयुद्धाला दोघांचाही विरोध होता, आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी त्यांना ‘जुना युरोप’ म्हणून हिणवले.

कराराचे सर्वांत टिकाऊ फळ मात्र नेत्यांच्या हातून आलेले नाही. जुलै १९६३ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त युवा कार्यालयामार्फत आजवर ९० लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशात जाऊन आले. कुणी शेजारच्या देशात कुटुंबात राहिले, कुणी कारखान्यात उमेदवारी केली. व्हर्दँच्या खंदकांत मेलेल्यांची ही नातवंडे-पतवंडे.

२२ जानेवारी २०१९ रोजी इमान्युएल मॅक्रॉन आणि अँगेला मर्केल यांनी आखेन येथे नवा करार करून जुन्याला जोड दिली. सशस्त्र हल्ल्याच्या वेळी परस्परांना मदत करण्याचे कलम त्यात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर चान्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर केला, परंतु अमेरिकी एफ-३५ विमानांची खरेदी पॅरिसला खुपली. भावी लढाऊ विमानाच्या संयुक्त प्रकल्पावरूनही कुरबुरी चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक जिंकलेल्या फ्रीडरिख मर्त्स यांनी त्याच रात्री, युरोपने टप्प्याटप्प्याने अमेरिकेपासून स्वतंत्र झाले पाहिजे, असे म्हटले. मर्त्स हे बुंडेस्टागची प्रस्तावना ज्यांनी लावून धरली, त्याच अटलांटिकवादी, म्हणजे अमेरिकेची साथ न सोडणाऱ्या, परंपरेतले. मार्च २०२५ मध्ये मॅक्रॉन यांनी फ्रेंच अण्वस्त्रांचे संरक्षण युरोपातील मित्रांना देण्याविषयी चर्चेची तयारी दाखवली. १९६३ च्या मजकुरात अणुबॉम्बचा उल्लेखही नाही.