अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईच्या जहाजावर लिहिलं? नाही हो काका

बडोद्यात दांडिया बाजारात गणपतीच्या मंडपात कोणीतरी काका हे ठासून सांगतातच, की अमेरिकेचं राष्ट्रगीत वाडियांनी, म्हणजे जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याने, मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन'वर लिहिलं गेलं. जहाज खरंय काका, १८१० मध्ये मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं, पण ते गीत लिहिणारा 'फ्रान्सिस स्कॉट की' सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरजवळ होता तो अमेरिकन जहाजावर, इंग्रजांनी धरलेल्या एका डॉक्टरला सोडवायला गेलेला, आणि तिथूनच त्याने तिथल्या मॅकहेन्री किल्ल्यावरचा इंग्रजांचा रात्रभरचा तोफमारा बघितला, ज्यावरून ते गीत सुचलं.

आणि वाडियांना मोठं करायला ही थाप हवीच कशाला? १८१३ चं 'कॉर्नवॉलिस' पण मुंबईचंच, त्याच्यावर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीनमधल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही! १८१७ चं 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. त्यामागे कारागिरी आहेच, पण अर्धं श्रेय सागवानाचं, कारण ओकच्या लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लोखंडी खिळे खाऊन टाकतं, सागात तेल असल्यामुळे लोखंड टिकतं आणि लाकूडही लवकर कुजत नाही, म्हणून तर मलबारचा साग मुंबईला आणायचे.