चिंचिलाच्या पिंजऱ्यात काय ठेवावं, काय नको, आणि ठेवलेलं स्वच्छ कसं करावं

आमच्याकडून तुतीच्या काड्या, फळ्या किंवा लपायची घरटी घेणाऱ्यांनी हे पान एकदा वाचून पिंजऱ्याजवळच अडकवून ठेवावं.

सामान विकणाऱ्यानं हे म्हणू नये, तरी आधी सांगतो: घरात एसी नसेल तर चिंचिला आणू नका. हा कुरतडणारा छोटा प्राणी चिलीतल्या अँडीज डोंगरातला. एकेका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस निघतात, इतकी त्याची लव दाट. खोली २५ अंशांच्या वर गेली की त्याला उष्माघाताचा धोका असतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कूलर चालत नाही. कूलरनं खोली तेवढी थंड होत नाही, उलट ओल वाढते आणि ती त्याच्या लवेला सोसत नाही. भारनियमनासाठी इन्व्हर्टर किंवा दुसरी काहीतरी सोय हवीच. पिंजऱ्यात शहाबादी किंवा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा, तो त्यावर पोट टेकून पडतो. पण ती फरशी म्हणजे एसी नव्हे.

आता लाकूड. चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो पिंजऱ्यातली प्रत्येक वस्तू कुरतडतो. फळी असो, घरटं असो की झोका, आज ना उद्या त्याच्या पोटात जाणार हे धरूनच वस्तू निवडा. त्याला उलटी करता येत नाही; गिळलेला प्लास्टिकचा तुकडा किंवा दोरीचा धागा आतड्यात अडकू शकतो. (समोरचे दात पिवळे-केशरी दिसतात म्हणून घाबरून फोन येतात. ते तसेच असायला हवेत. पांढरे पडले तर डॉक्टरांना दाखवा.)

आम्ही तुती का वापरतो? आमच्या भागात रेशीमवाले शेतकरी आहेत. पाल्यावर कीटकनाशक पडलं तर अळ्याच मरतील, म्हणून ते तुतीवर फवारत नाहीत. छाटणीच्या काड्या आम्ही त्यांच्याकडून घेतो, तेही शेजारच्या धुऱ्याला कपाशी नसलेल्या वावरातूनच. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुराटी (तुरीच्या काड्या) फुकट मिळते, दिसायलाही छान खरखरीत असते, पण कृपा करून ती देऊ नका. हंगामभर तिच्यावर किती फवारण्या होतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले होते.

संत्र्याच्या बागेतली काडीही नको, लिंबूवर्गातलं लाकूड आम्ही देत नाही. कण्हेर आणि रुई तर पिंजऱ्याच्या आसपासही नकोत, दोन्ही विषारी. देवदार, आलूबुखार, पीच टाळा. सागवान पलंगासाठी राहू द्या. त्याच्या भुशानं आमचीच कातडी खाजते. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये गोंद असतो. बुटीबोरीसारख्या एमआयडीसीतून मोडीत निघालेली पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर ‘एमबी’ शिक्का असेल तर त्यांना मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेली, पण त्यावर पुढं काय सांडलं हे कोणाला ठाऊक? आमच्या घरट्यांत खिळा नाही, फेविकॉल नाही. वडील तिफणी-वखर करायचे, त्यांच्याच पद्धतीनं लाकडी खुंटीवर जोडकाम करतो.

चाक आम्ही बनवत नाही. कुठूनही घ्या, पण साधारण १५ इंच व्यासाचं आणि भरीव पृष्ठभागाचं घ्या. जाळीच्या चाकात पाय अडकून मोडतो.

नुसत्या काडीनं दाढा झिजत नाहीत, त्यासाठी चोवीस तास वाळलेलं गवत समोर हवं. सोयाबीन-हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) त्याची जागा घेत नाही.

साफसफाई

पिंजऱ्याला फिनाईल, साबण, सुवासिक पावडर काही नको. पिंजऱ्याचा पत्रा आणि जाळी पांढरं व्हिनेगर व पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, लघवीचे पांढरे डाग त्यानं सुटतात. नंतर साध्या पाण्यानं पुसून कोरडं करा, मगच प्राणी आत सोडा. लाकडी फळी भिजत टाकू नका, वाकते. ओल्या फडक्यानं पुसायची, डाग खोल गेला असेल तर पॉलिश पेपरनं घासायची आणि भुसा झटकून उन्हात ठेवायची. लघवीनं आतपर्यंत काळी पडलेली फळी मात्र टाकूनच द्या. कापडी अंथरूण बिनवासाच्या साबणानं धुवा, कंडिशनर नको.

घरच्या झाडाची काडी द्यायचीच असेल तर फवारणी नसलेली घ्या, ब्रशनं घासा, अर्धा तास उकळा आणि मोडताना टचकन आवाज येईल इतकी वाळवा. उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, पावसाळ्यात भरवसा नाही.

त्याची अंघोळही कोरडीच असते. पाणी नाही, नदीची वाळू नाही, राख नाही, टाल्कम तर नाहीच. चिंचिलासाठी मिळणारी बारीक धूळच. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. मग भांडं बाहेर काढायचं, नाहीतर तो त्यातच लघवी करतो.

पहिल्या वर्षी आम्ही श्रावणात पाठवलेल्या काड्यांना वाटेतच बुरशी आली, चूक आमचीच होती. तेव्हापासून जुलै ते सप्टेंबर फक्त उन्हाळ्यात वाळवलेला साठाच पाठवतो. तरीही पार्सलमध्ये काळा-हिरवा ठिपका दिसला तर फोटो पाठवा, पैसे परत मिळतील. काडी परत पाठवायची गरज नाही, फेकून द्या.