माडाची जखम भरत नाही

गोव्यात बार्देशातल्या किंवा सासष्टीतल्या एखाद्या जुन्या घरामागे उंच माड असेल तर त्याच्या खोडाजवळ जाऊन बघा. चढताना पाय रोवता यावा म्हणून कधी काळी कुणी पाडेल्याने (नारळ काढणाऱ्याने) किंवा रेंदेराने (माडाची सूर काढणाऱ्याने) कोयत्याने पाडलेल्या खाचा दिसतील. खाच तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असली तरी तिच्या कडा जशाच्या तशा असतात. आत तुटलेल्या तंतूंची टोकं करडी पडलेली आणि वर थोडं शेवाळ, एवढाच काय तो फरक. शेजारच्या आंब्यावर असाच घाव घातला असता तर चार-पाच पावसाळ्यांत सालीची कड आत वळत वळत तो बुजून गेला असता. माडाला ते जमत नाही. पोफळीला, ताडाला किंवा नर्सरीतून हौसेने आणलेल्या फॉक्सटेल पामलाही जमत नाही.

आंबा, फणस, साग या झाडांच्या साल आणि लाकडाच्या मध्ये कँबियम नावाचा जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करत राहतो. खोड जाड होतं ते त्याच्यामुळे आणि घाव भरतो तोही त्याच्यामुळेच. माड, पोफळ, ताड ज्यात येतात ते पाम कुळ एकदल वनस्पतींमधलं, म्हणजे गवत, बांबू, केळ, आलं यांच्या गोतावळ्यातलं. जगभरात या कुळात सुमारे २६०० जाती आहेत आणि एकीच्याही खोडात कँबियम नाही. माडाचं खोड आडवं कापलं तर वर्षाची वलयं दिसत नाहीत. मऊसर गरात विखुरलेले काळपट ठिपके दिसतात, मध्यभागी विरळ आणि कडेला दाट. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांची एक जुडी, भोवती चिवट तंतूंचं आवरण. स्लॅबमध्ये सळ्या असाव्यात तशा या जुड्या खोडाला ताकद देतात, आणि म्हणूनच वादळात माड एवढा झुकूनही बहुतेकदा शाबूत राहतो.

पण या नळ्या बदलून मिळत नाहीत. जी जुडी तुटली ती कायमची तुटली. आंब्याच्या खोडात दरवर्षी पाणी वाहणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होतात आणि आतलं जुनं लाकूड हळूहळू निकामी होतं. ऐंशी वर्षांच्या माडाच्या बुंध्यातल्या कितीतरी जिवंत पेशी मात्र ऐंशी वर्षांच्याच असतात. इतकी वर्षं एकच पेशी जिवंत राहून काम करते आहे, असं सजीवांत फार क्वचित आढळतं.

वाढीची जागाही एकच, शेंड्यातला गाभा. नवं पान, नवी पोय (फुलोरा), खोडाची उंची सगळं तिथूनच येतं. आंब्याचा शेंडा छाटला तर खालून दहा फांद्या फुटतात. माडाचा गाभा मेला की झाड संपलं, मग खाली खोड कितीही ठणठणीत असो.

इथे थोडं विषयांतर करतो. गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा १९८४ चा. २०१६ च्या सुरुवातीला त्यात दुरुस्ती होऊन माड 'वृक्षा'च्या व्याख्येतून बाहेर काढला गेला आणि राज्यभर गदारोळ उठला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आत घेण्यात आला. फांद्या नाहीत, आंब्या-सागासारखं लाकूड नाही, हा युक्तिवाद शास्त्राच्या पुस्तकात टिकेलही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. ज्याला छाटल्यावर पुन्हा फुटताच येत नाही, त्याला तोडायला परवानगी सोपी कशी असावी?

आता घरच्या बागेकडे. नर्सरीतून रॉयल पामचं किंवा बाणवली नारळाचं रोप आणलं की पहिली तक्रार ठरलेली असते: दोन-तीन वर्षं झाली, वाढतच नाही. वाढत असतं, पण आडवं. कँबियम नसल्यामुळे खोड मागाहून रुंद करण्याची सोय पामकडे नाही. म्हणून ते आधी जमिनीलगत बसून बुंध्याची पूर्ण रुंदी तयार करतं आणि ती झाल्यावरच वर निघतं. या काळात किंवा पुढे वर चढताना त्याची जी आबाळ होईल ती खोडावर कायमची नोंदली जाते. एखादा माड बुंध्याशी चांगला जाड, मग छातीच्या उंचीवर अचानक बारीक आणि वर पुन्हा जाड दिसला तर समजावं की त्या उंचीवर असताना झाडाचे हाल झाले होते. दुष्काळ असेल, आळ्यात पाणी साचलं असेल, घर बांधताना मुळं तोडली असतील किंवा खत घालणारा माणूसच घरात उरला नसेल.

खोडावरची वळी म्हणजे गळालेल्या चुडतांचे, म्हणजे पानांचे, व्रण. चांगल्या वाढलेल्या माडाला वर्षाला साधारण बारा ते चौदा चुडतं येतात. एक मीटर खोडावरची वळी मोजून बाराने भागलं की तेवढी उंची गाठायला किती वर्षं लागली याचा ढोबळ अंदाज येतो. खाली वळी लांब लांब आणि शेंड्याकडे दाट होत जातात. मुलांना सुट्टीत करायला देण्यासारखं हे काम आहे, आणि चढायचीही गरज नाही.

प्रत्येक चुडताच्या बगलेत एक पोय. या पोयीचा अगदी पहिला अंकुर शेंड्याच्या आत धरतो तेव्हापासून ती उघडेपर्यंत सुमारे ३२ महिने जातात आणि नारळ पिकायला आणखी बारा. म्हणजे यंदाच्या चवथीला गणपतीवरच्या माटोळीला (फळाफुलांच्या चौकटीला) बांधलेला नारळ साडेतीन वर्षांहून आधी ठरला होता. त्यामुळे या वर्षी खत घातलं आणि पुढच्या वर्षी नारळ वाढले नाहीत म्हणून खतवाल्याला शिव्या घालण्यात अर्थ नसतो.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याच्या जमिनीतलं पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. पामला तर पालाश सर्वांत जास्त लागतं. नारळासाठी वर्षाला झाडामागे नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० ग्रॅम आणि पालाश १२०० ग्रॅम अशी शिफारस आहे, यावरून प्रमाण लक्षात येईल. पालाश कमी पडलं की खालच्या जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके येतात आणि टोकं करपतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर पानाच्या कडेला रुंद पिवळा पट्टा येतो, पण मधली शीर हिरवी राहते. बोरॉन नसेल तर नवं पान आखडलेलं, चुण्या पडलेलं निघतं.

जुनी पानं पिवळी दिसली की माळ्याला बोलावून 'साफ' करून घेण्याची पद्धत आहे. ती झाडाच्या मुळावर येते. पालाश कमी असताना झाड जुन्या पानांतलं पालाश काढून नव्या पानांना देत असतं. ती पानं कापली की झाड त्याच्या खालोखालच्या, तोवर हिरव्या असलेल्या पानांतून ते ओढायला लागतं आणि पिवळेपणा वर वर सरकतो. पान पुरतं वाळून आपोआप लोंबायला लागेपर्यंत त्याला हात लावू नये. हॉटेलांच्या फाटकापाशी चार पानांचा झुपका ठेवून तासलेले पाम उभे असतात, ते पाहिले की मला त्यांची कीव येते.

ताज्या घावाचा आणखी एक तोटा आहे. कापलेल्या जागेतून रस झिरपतो, आंबतो आणि त्या वासाने सोंड्या भुंगा येतो. त्याच्या अळ्या खोडाच्या आत गर खात राहतात आणि बाहेर काही दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. गेंड्या भुंगा निदान खूण सोडतो. तो शेंड्यातलं मिटलेलं पान पोखरतो, आणि ते पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गायब असतात. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या खोडांत होते. त्यामुळे माडावर औषध मारण्याआधी खताचा खड्डा उपसून पांढऱ्या जाड अळ्या वेचणं जास्त उपयोगाचं. त्या खड्ड्यात मेटारायझियम नावाची बुरशी मिसळली तर ती अळ्यांना मारते. वरच्या दोन-तीन पानांच्या बगलांत निंबोळी पेंड आणि वाळू भरण्याचा जुना उपायही चालतो.

पाम जमवण्याचं वेड जगात बरंच जुनं आहे. अमेरिकेत १९५६ साली पामप्रेमींची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिथले लोक थंडीत रोपांवर पांघरुणं घालतात, हरितगृहात हीटर लावतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पणजीत सहसा स्वेटर लागत नाही. त्यांना स्वप्नात दिसणारी लाल खोडाची लिपस्टिक पाम इथे अंगणात वाढू शकते, फक्त तिला पाणी भरपूर हवं. मूळची ती मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतली, त्यामुळे मे महिन्यात आळं कोरडं पडलं तर हातची जाते. उलट मादागास्करची रुपेरी पानांची बिस्मार्किया पहिली काही वर्षं जगली की पुढे उन्हाळ्याला भीक घालत नाही. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियातल्या केप मेलव्हिल या एका टापूतली. शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं १९८३ साली, आणि आज ती म्हापशाच्या नर्सरीत सहज मिळते. बुंध्याशी फुगलेली बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडची. तिथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी रोपं खाऊन टाकल्यामुळे जंगलात एके काळी बोटांवर मोजण्याइतकीच झाडं उरली होती. बागांतून मात्र ती जगभर पसरली. 'सागो पाम' आणि 'ट्रॅव्हलर्स पाम' म्हणून जी विकली जातात ती पाम नव्हेतच. पहिलं सायकड (फुलं न येणारी एक प्राचीन वनस्पती) आहे, दुसरं केळीच्या नात्यातलं.

संग्राहकांची हौस एखाद्या जातीला तारू शकते याचा दाखला टाहिना पाम. मादागास्करमध्ये एका काजूच्या बागेच्या व्यवस्थापकाला ती दिसली, २००८ मध्ये तिचं शास्त्रीय नाव ठरलं. मोठी झाडं तेव्हा शंभरही नव्हती. तिचं बी जगभरच्या हौशी लोकांना रीतसर विकून पैसा शेजारच्या गावाला देण्याची व्यवस्था झाली, त्यामुळे झाडं राखण्यात गावाचाही फायदा राहिला.

बी लावणार असाल तर ताजं घ्या. बहुतेक पामचं बी वाळलं की मरतं, काहींचं तर थोड्याच आठवड्यांत. गर काढून, भिजवून, काथ्याचा भुसा आणि वाळू यांत पुरलं की एप्रिल-मेचा आपला उकाडा त्याला मानवतो. ताड आणि बिस्मार्किया यांच्या बियांतून आधी एक जाड नळी थेट खाली जाते, कधी हातभर, आणि रोप तिच्या टोकापासून वर येतं. त्यांना उथळ कुंडीत लावून उपयोग नाही. नारळ मात्र सगळा कारभार आतच करतो. कोंब आलेला नारळ फोडला की पाण्याच्या जागी जो गोड, भुसभुशीत गोळा मिळतो आणि ज्यासाठी घरात भांडणं होतात, ते त्या रोपाचं एकुलतं एक बीजपत्र. खोबरं शोषून कोंबाला पुरवणं हे त्याचं काम.

परदेशी पामच्या नादात घाटातले पाम बागेत जवळजवळ कुणी लावत नाही. भेरली माड घ्या. त्याचं पान दुहेरी विभागलेलं असतं, टोकाला माशाच्या शेपटीसारखं, आणि अशी दुहेरी पानं असलेली त्याची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) पाम कुळात एकमेव. बरीच वर्षं तो नुसता वाढतो. मग सर्वांत वरच्या बगलेतून पहिला लांबलचक तुरा लोंबतो, त्यानंतरचा त्याखालून, असं करत फुलोरा वरून खाली उतरतो. सर्वांत खालचा घोस पिकला की झाड मरतं. फळं कांडेचोर आणि धनेश खातात. आपण मात्र गर उघड्या हाताने चोळू नये, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि हात रात्रभर खाजतो. उत्तर कन्नडच्या जंगलातली तालिपोट त्याच स्वभावाची, पण ती तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच, शेंड्यावर, वनस्पतिसृष्टीतला सर्वांत मोठा फुलोरा धरते. अंगणात तिला जागा मिळणं कठीण. सावलीच्या कोपऱ्याला सह्याद्रीतलीच पिनँगा डिक्सोनी बरी: बेट करून वाढते, खोड बांबूसारखं सडपातळ, हिरवंगार. फांद्या फुटणारा पाम बघायचा असेल तर दीवला जावं, तिथे रावणताडाचा शेंडा खरोखर दोन भागांत दुभंगतो.

राहिला प्रश्न घराजवळ लावण्याचा. पामची मुळं बुंध्यातून हजारोंनी फुटतात आणि जन्मतः जेवढी जाड तेवढीच राहतात. त्यांनाही कँबियम नाही, त्यामुळे वडा-पिंपळासारखी ती चौथरा फोडत नाहीत. अरेका, रेफिस किंवा पिनँगा भिंतीला खेटून लावली तरी काही बिघडत नाही, फक्त रोप कुंडीत होतं तेवढ्याच खोलीवर लावावं, खोल पुरू नये. माडाचं चुडत मात्र पाच-सहा मीटर लांब असतं आणि नारळ कौलं बघून पडत नाही. त्याला घरापासून सात-साडेसात मीटर लांबच ठेवावं.