देशनिहाय डोमेन नावांसाठी वास्तव्याची अट

संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारी डॉट इन, डॉट सीए, डॉट जेपी यांसारखी दोन अक्षरी डोमेन एकेका देशाच्या किंवा प्रदेशाच्या वाट्याला आलेली असतात. त्यांपैकी अनेकांखाली नाव नोंदवायचे तर नोंदणीधारकाचा त्या देशाशी कायदेशीर संबंध असावा लागतो. या नियमाला वास्तव्याची अट म्हणतात. मात्र दर वेळी राहण्याचे ठिकाणच तपासले जाते असे नाही. कुठे नागरिकत्व पाहतात, कुठे कंपनीची नोंदणी, कुठे व्यापारचिन्ह, तर कुठे नोटीस बजावता येईल असा स्थानिक पत्ता असला की काम भागते. त्यामुळे एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावला की हमखास घोटाळा होतो.

ही अक्षरे आयएसओ ३१६६ या प्रमाणित यादीतून घेतलेली आहेत. जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहिलेल्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात देशनिहाय डोमेन चालवणारा हा त्या देशाचा आणि जागतिक इंटरनेट समुदायाचा विश्वस्त मानला आहे, आणि प्रशासकीय संपर्क व्यक्ती त्याच देशात राहणारी असावी असे म्हटले आहे. ही अट डोमेन चालवणाऱ्यासाठी होती, नाव घेणाऱ्यासाठी नव्हे. नाव कोणाला द्यायचे हे प्रत्येक देशाची रजिस्ट्री, म्हणजे ते डोमेन चालवणारी संस्था, ठरवते. जगभरच्या डोमेन व्यवस्थेचा समन्वय करणारी आयकॅन ही संस्था त्यात पडत नाही. म्हणूनच तुवालूचे डॉट टीव्ही किंवा अँग्विलाचे डॉट एआय जगात कोणालाही मिळते, तर शेजारच्या दोन देशांचे नियमही एकमेकांशी जुळत नाहीत.

कॅनडा आणि अमेरिका

कॅनडाच्या डॉट सीएचे नियम सीरा ही संस्था राबवते, आणि ते नोव्हेंबर २००० पासून लागू आहेत. कॅनडाचा सज्ञान नागरिक जगात कुठेही राहत असला तरी पात्र ठरतो. कायम रहिवाशाला मात्र नुसते पीआर कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचे ओळखपत्र, पुरत नाही. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत तो १८३ दिवसांपेक्षा जास्त काळ कॅनडात राहिलेला असावा लागतो, आणि पुढच्या प्रत्येक बारा महिन्यांतही तेवढा राहावा लागतो. वर्क परमिटवर टोरांटोला गेलेल्या पुण्याच्या अभियंत्याला त्या परवान्याच्या जोरावर स्वतःच्या नावाने डॉट सीए घेता येत नाही. त्याने कॅनडाच्या किंवा तिथल्या एखाद्या प्रांताच्या कायद्याखाली कंपनी स्थापली, तर ती कंपनी पात्र असते.

देशाबाहेरच्या व्यवसायाला व्यापारचिन्हाची वाट मोकळी आहे, पण ती अरुंद आहे. चिन्ह कॅनडात नोंदलेले असले पाहिजे; अर्ज प्रलंबित असून चालत नाही. शिवाय चिन्हातला शब्दभाग जसाच्या तसा डोमेन नावात यावा लागतो. समजा, चिन्हात ‘आंबराई फूड्स’ असे दोन शब्द रोमन लिपीत आहेत. मग नावात हे दोन्ही शब्द त्याच स्पेलिंगने हवेत. पुढे आणखी एखादा शब्द जोडता येतो, पण ‘फूड्स’ गाळून नुसते ‘आंबराई’ घेता येत नाही. ज्या चिन्हात फक्त चित्र आहे, शब्द नाही, ते या कामाला निरुपयोगी ठरते. चिन्हाचे नूतनीकरण राहून गेले की पात्रताही गेली, आणि व्यापारचिन्हाचे काम वकिलाकडे व डोमेनचे काम संगणक विभागाकडे असलेल्या कंपन्यांत हे सहज घडते.

अमेरिकेच्या डॉट यूएसची अट नेक्सस या नावाने ओळखली जाते. नागरिक आणि कायम रहिवासी तिथे पात्र आहेतच, पण ज्याचे मुख्य निवासस्थान अमेरिकेत आहे अशी व्यक्तीही त्यात बसते. म्हणजे एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत घर करून राहणाऱ्याला डॉट यूएस मिळू शकते, आणि त्याच्यासारख्याच परिस्थितीत टोरांटोत राहणाऱ्याला डॉट सीए मिळत नाही. परदेशी कंपनीला अमेरिकेत कार्यालय किंवा नियमित कायदेशीर व्यवहार दाखवावा लागतो. अर्जात नेक्ससचा प्रकार सांकेतिक क्रमांकाने निवडायचा असतो: नागरिकासाठी सी११, कायम रहिवाशासाठी सी१२, अमेरिकी संस्थेसाठी सी२१, व्यवहार करणाऱ्या परदेशी संस्थेसाठी सी३१ आणि कार्यालय असलेल्या परदेशी संस्थेसाठी सी३२. नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचे संकेतस्थळ कुठे आहे हे सांगणारे संगणक, अमेरिकेत असावेत असेही धोरणात आहे. ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ती वेगळीच: डॉट यूएसवर नाव-पत्ता झाकणारी प्रॉक्सी सेवा वापरता येत नाही. घरचा पत्ता देण्याआधी हे लक्षात घ्यावे.

युरोप आणि ब्रेक्झिट

डॉट ईयू एप्रिल २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा युरोपीय संघातले वास्तव्य किंवा तिथे स्थापन झालेली संस्था आवश्यक होती. ऑक्टोबर २०१९ पासून संघाचा नागरिक कुठेही राहत असला तरी पात्र ठरू लागला. ही अट नोंदणीच्या दिवशी एकदाच पुरी करायची नसून कायम टिकवायची असते, हे ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडल्याने, ढळढळीतपणे दाखवले. १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमधला पत्ता असलेली हजारो नावे निलंबित झाली आणि त्यांवरची संकेतस्थळे व ईमेल एकदमच बंद पडले. पात्रता सिद्ध करायला नोंदणीधारकांना काही महिने मिळाले. ज्यांनी ती केली नाही त्यांची नावे रद्द होऊन जानेवारी २०२२ पासून इतरांसाठी खुली झाली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आयरिश नागरिकाला आपले नाव राखता आले; ज्या ब्रिटिश कंपनीची युरोपात शाखाच नव्हती तिला ते सोडावे लागले.

जर्मनीचा मार्ग सौम्य आहे. डॉट डीई कोणालाही मिळते, पण डेनिक या तिथल्या रजिस्ट्रीने सांगितल्यास परदेशी नोंदणीधारकाने नोटीस स्वीकारणारा प्रतिनिधी जर्मनीत नेमून द्यायचा असतो. नॉर्वेत व्यक्तीला राष्ट्रीय ओळख क्रमांक आणि संस्थेला संस्था क्रमांक लागतो, शिवाय व्यक्तीला डॉट एनओखाली थेट पाचच नावे घेता येतात. जपानमध्ये साध्या डॉट जेपीला स्थानिक टपाल पत्ता पुरतो, तर सीओ डॉट जेपी फक्त तिथे नोंदलेल्या कंपनीला आणि तेही एकच मिळते. सिंगापूरमध्ये परदेशी नोंदणीधारकाला स्थानिक प्रशासकीय संपर्क व्यक्ती नेमावी लागते आणि तिने सिंगपास या सरकारी डिजिटल ओळखसेवेद्वारे ओळख पटवायची असते.

अर्ज आणि अडचणी

बहुतेक ठिकाणी नोंदणी स्वयंघोषणेवर होते. अर्जदार प्रकार निवडतो, पैसे भरतो आणि नाव लगेच चालू होते. कागदपत्रे मागाहून, तक्रार आली किंवा यादृच्छिक तपासणी झाली की मागतात. धोका इथेच आहे, कारण नाव मिळाले म्हणजे पात्रता मान्य झाली असे नसते. त्यासाठी अर्जात नोंदणीधारकाचे नाव कंपनी-नोंदणीच्या दाखल्यावर किंवा ओळखपत्रावर जसे आहे अगदी तसेच लिहावे. दुकानाचे बोलीतले नाव, लग्नाआधीचे आडनाव किंवा बंद पडलेली कंपनी अशा कारणांनी तपासणी अडते. तपासणीचा ईमेल त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर मागवू नये. नाव निलंबित झाले की तो पत्ताही चालत नाही आणि मुदत तशीच निघून जाते.

पात्रता नसलेल्यांना स्थानिक पत्ता भाड्याने देणाऱ्या ट्रस्टी सेवा आहेत. काही रजिस्ट्री त्या चालवून घेतात, काही हाणून पाडतात. या सेवेत नोंदणीधारक म्हणून बहुधा त्या मध्यस्थाचेच नाव लागते, म्हणजे रजिस्ट्रीच्या दृष्टीने नाव त्याचे असते. मध्यस्थाने धंदा बंद केला तर आपला हक्क सांगायला हातात फक्त त्याच्याशी केलेला करार उरतो. ज्या नावावर व्यवसाय उभा आहे ते असे घेणे शहाणपणाचे नाही.

भारत

डॉट इनला आज वास्तव्याची अट नाही. १ जानेवारी २००५ पासून डॉट इन चालवणाऱ्या निक्सी या संस्थेच्या नव्या धोरणाने ते खुले केले. आधीच्या कडक नियमांच्या काळात, २००४ अखेरपर्यंत, जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या देवनागरी डॉट भारतमध्ये मराठी आणि कोंकणी दोन्ही येतात. राखीव विभाग मात्र वेगळे आहेत. जीओव्ही डॉट इन सरकारी कार्यालयांना, एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आणलेले बँक डॉट इन फक्त बँकांना मिळते. तिथे अर्जदार कुठे राहतो याला महत्त्व नसते. तो कोण आहे, एवढेच पाहिले जाते.