मोर उचलला, पण हलला कुठे?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यासाठी मी छोटासा प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर डावीकडे मोर, कमळ, वेलबुट्टी. उजवीकडे चादरीचा कोरा चौकोन. चित्र माउसने उचलायचं, चौकोनात नेऊन सोडायचं, झालं काम. पहिल्याच दिवशी डिझाइन बसवणारे अण्णा वैतागले. "बघ की, नुसतं बोट लावलं तर मोर पळलालाय!"

बटण दाबताना हात किंचित हलतो. अण्णांचाच नाही, सगळ्यांचाच. मी मात्र बटण दाबल्यानंतरची पहिली हालचाल म्हणजेच ओढणं, असं धरलं होतं. खिडक्या, बटणं, याद्या असे पडद्यावरचे सुटे भाग तयार देणाऱ्या टूलकिटमध्ये यावर जुना इलाज असतो. बटण कुठे दाबलं ते लक्षात ठेवायचं आणि माउस तिथून ठरावीक अंतर सरकला तरच ओढणं सुरू झालं असं मानायचं. क्यूटी या टूलकिटमध्ये हे अंतर मुळात 10 पिक्सेल असतं, जीटीकेमध्ये 8, विंडोजवर 4. टूलकिटची ही सोय सोडून सगळं हाताने लिहायचा शहाणपणा माझाच होता.

पुढचा घोळ खिडकीच्या काठावर झाला. माउसचा बाण खिडकीवर असेपर्यंतच तिला त्याच्या बातम्या मिळतात. अण्णांनी मोर ओढत खिडकीबाहेर नेला, तिथेच बटण सोडलं आणि बाण परत आत आणला. बटण सुटल्याची बातमी माझ्या प्रोग्रामला मिळालीच नव्हती, त्यामुळे मोर बाणाला चिकटलेलाच. म्हणून बटण दाबल्याक्षणी सिस्टीमला सांगून ठेवावं लागतं, की बटण सुटेपर्यंत माउसची प्रत्येक बातमी, तो कुठेही असो, मलाच दे. याला माउस पकडून ठेवणं म्हणतात. पकडलेला माउस सोडायची आठवणही हवी. लिनक्सवरच्या जुन्या एक्स विंडो पद्धतीत माउस धरलेला प्रोग्राम अडकून पडला, तर बाकीच्या कुठल्याच खिडकीत क्लिक लागत नाही.

पण इथवरचं सगळं एकाच घरातलं आहे. खरी मजा एका प्रोग्राममधून दुसऱ्यात ओढताना येते. फोल्डरमधला फोटो उचलून ईमेलमध्ये सोडला, तेव्हा बाणाबरोबर नेमकं काय गेलं? काहीच नाही! बाणाखाली दिसतं ते नुसतं चित्र. दोन प्रोग्राम वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेले, आणि एकाच्या मेमरीत दुसऱ्याला डोकावताही येत नाही.

सोलापूरचा व्यापारी ऑर्डर घ्यायला हैदराबादला जातो तेव्हा गठ्ठे पाठीवर मारून जात नाही. पिशवीत नमुने असतात आणि सोबत कुठल्या मापाचा, कुठल्या रंगाचा माल आहे त्याची यादी. माल गोदामात. ओढण्याचंही तसंच चालतं. देणारा प्रोग्राम फक्त यादी फिरवतो: हा मजकूर साध्या रूपात देऊ शकतो, रंग-ठळकपणासह देऊ शकतो, नाहीतर फाइलचा पत्ता देऊ शकतो. घेणारा यादी वाचतो आणि आपल्याला पेलेल ते रूप निवडतो. म्हणूनच वेबपानावरचा तोच उतारा वर्डमध्ये ठळक अक्षरांसह उतरतो आणि नुसता साधा मजकूर घेणाऱ्या चौकटीत साधा होऊन.

एक्स विंडोवर ही बोलणी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. बाण दुसऱ्या खिडकीत शिरला की देणारा म्हणतो, "आत आलो, ही यादी." मग, "आता अमुक जागी आहे." घेणारा म्हणतो, "इथे चालेल" किंवा "इथे नको." हे उत्तर येईपर्यंत देणाऱ्याने जागेचा पुढचा निरोप पाठवायचा नाही, थांबायचं, नाहीतर संथ प्रोग्रामपुढे निरोपांचा ढीग साठेल. बाणाशेजारी अधिकचं चिन्ह किंवा फुलीचा गोल दिसतो, तो या उत्तरावरूनच. मग "निघालो" किंवा "सोडलं". सोडल्यावरच खरा माल मागवला जातो आणि शेवटी घेणारा कळवतो, "मिळालं." नव्या वेलँड पद्धतीत दोघे थेट बोलत नाहीत. पडदा सांभाळणारा प्रोग्राम दलालासारखा मध्ये असतो, आणि बाण कोणाच्या खिडकीवर आहे हे देणाऱ्याला कळूही देत नाही.

शेवटच्या "मिळालं"ला नकलेपेक्षा हलवण्यात जास्त किंमत आहे. हलवणं म्हणजे आधी नक्कल, मग मूळ पुसणं. पोच आल्याशिवाय मूळ पुसलं आणि मध्येच वीज गेली, तर माल ना इथे ना तिथे. नक्कल की हलवणं, याचा विंडोजचा नियम सुरुवातीला विचित्र वाटतो: त्याच ड्राइव्हवर फाइल ओढली तर ती हलते, पेनड्राइव्हवर ओढली तर नक्कल होते. एकाच ड्राइव्हवर फाइलमधला मजकूर जागचा हलवावाच लागत नाही, फक्त नोंद बदलते. दुसऱ्या ड्राइव्हवर मात्र सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो, आणि तेवढं करून मूळ पुसण्याचा धोका विंडोज न सांगता पत्करत नाही. कंट्रोल दाबून ओढलं की नक्कल, शिफ्ट दाबून ओढलं की हलवणं.

ही कल्पना नवी नाही. ॲपलच्या 1983च्या लिसावर कागदाचं चित्र ओढून टोपलीत टाकता येत होतं. 1984च्या मॅकिंटॉशवर तर फ्लॉपी बाहेर काढायला तिचं चित्र कचऱ्याच्या डब्यात टाकायचं! आपल्या फाइली गेल्या म्हणून किती जणांच्या काळजाचा ठोका चुकला असेल.

वेब लिहिणारेही इथे हमखास ठेचकाळतात. ब्राउझरमधली पद्धत 1999च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5वरून आली आणि तिचा मूळ स्वभाव नकाराचा आहे. मजकूर लिहायच्या चौकटी सोडल्या, तर पानावरची कुठलीच जागा ओढलेली वस्तू आपणहून स्वीकारत नाही. स्वीकारायची असेल तर बाण वरून फिरत असताना "तुझा नेहमीचा नकार देऊ नकोस" असं ब्राउझरला सांगावं लागतं, आणि ते एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगत राहावं लागतं. ही ओळ विसरून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

इतकं सगळं करूनही ओढणं हे हाताला अवघडच काम. 1991 साली मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन यांनी मोजून दाखवलं, की नुसतं नेम धरून क्लिक करण्यापेक्षा बटण दाबून ओढताना वेळ जास्त लागतो आणि चुकाही जास्त होतात. स्नायू ताणलेला ठेवून नेम साधायचा असतो ना! वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीच्या 2023 मधल्या आवृत्तीत म्हणूनच अट आली: जे ओढून होतं ते न ओढता, साध्या क्लिकनेही करता आलं पाहिजे, ओढण्याशिवाय गत्यंतरच नसेल तेवढीच सूट.

मी ती अट वाचण्याआधीच अण्णांनी घातली होती. "उचलायला एकदा दाबतो, ठेवायला एकदा दाबतो, मधी कशाला धरून बसू?" दोन ओळींत होईल असं वाटलं होतं, दोन दिवस लागले. आता अण्णा मोरावर एकदा दाबतात, चहाचा घोट घेतात, आणि मग चादरीच्या कोपऱ्यात दुसऱ्यांदा दाबतात. तोवर मोर बाणाला धरून थांबलेला असतो. इस्केप दाबलं की आपल्या जागी परत.