युद्धकुऱ्हाडीचं वय लोखंडात असतं

जुनी तबर किंवा परशू, म्हणजे लढाईची कुऱ्हाड, हाती आली की अनेक संग्राहक आधी पॉलिश पेपर शोधतात. कृपा करून तसं करू नका. गंज खरवडला की वयाचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

सावकाश चढलेला काळपट, घट्ट थर बराचसा मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा) असतो आणि खालच्या धातूला थोडाफार आडोसा देतो. भुगा होऊन गळणारा नारिंगी गंज मात्र अजून धातू खात असतो. त्यात अनेकदा क्षार अडकलेले असतात. आम्ल लावून मुद्दाम चढवलेला गंज सगळीकडे एकसारखा दिसतो. खऱ्या जुन्या कुऱ्हाडीत हात लागणारी जागा, पात्याची धार आणि दांडा बसायचं भोक, तिन्हींचा रंग वेगळा असतो.

मग धातू बघा. पूर्वी भारतीय भट्टीतलं लोखंड सहसा पूर्ण वितळत नसे. मऊ गोळा निघे, त्यात मळी, म्हणजे भट्टीतला काचेसारखा टाकाऊ भाग, अडकलेली. घणाखाली तो ताणला जाई तशा मळीच्या लांबट रेषा पात्यात उतरत. मऊ लोखंडाच्या पात्याला धारेपुरती पोलादाची पट्टी जोडत, तिचा सांधाही नीट पाहिल्यास सापडतो. आजच्या साध्या पोलादात मळीच्या रेषा जवळजवळ नसतात आणि मँगनीज मुद्दाम घातलेलं असतं. क्ष-किरण प्रतिदीप्तीचं (धातूत कोणती मूलद्रव्यं आहेत ते क्ष-किरणांनी ओळखणारं) हातातलं यंत्र ओरखडाही न काढता ते मँगनीज दाखवतं. कार्बन मात्र त्याला दिसत नाही, म्हणून एकट्या या आकड्यावर निकाल देऊ नये.

मुशीत वितळवलेल्या प्रसिद्ध भारतीय पोलादात कार्बन साधारण 1 ते 2 टक्के असे. सिमेंटाइटच्या (लोह-कार्बन संयुगाच्या) कणांच्या ओळींमुळे त्यात लाटांसारखी नक्षी उमटते, तिला जौहर म्हणतात. हे जौहर धातूच्या आतपर्यंत असतं. वरवर कोरलेली नक्कल एखाद्या खोल खाचेपाशी संपते. कोफ्तगिरीतही, म्हणजे लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवलेल्या नक्षीतही, हेच: सोन्याची तार जिथे निघाली आहे तिथे तिला धरून ठेवण्यासाठी पाडलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेघा भिंगातून दिसायला हव्यात. मुलामा दिलेल्या वस्तूत त्या नसतात.

नक्षीला मी एवढं महत्त्व देत नाही. एकोणिसाव्या शतकात दरबारी मिरवणुकीसाठी आणि पर्यटकांसाठीही भरपूर सजवलेल्या कुऱ्हाडी घडल्या. लढाईची कुऱ्हाड लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीपेक्षा सहसा हलकी, पातं पातळ. वजन हातात घेऊन बघा.

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. घरी आणल्यावर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, आणि चालू गंज असेल तर संवर्धनतज्ज्ञाला दाखवा.