रोजा, साबुदाणा आणि एंडॉर्फिन

स्टँड-अप कॉमेडीमुळे धर्माधर्मांतलं अंतर कमी होतं असं म्हटलं, की बहुतेकांना वाटतं विनोदातला विचार पटतो आणि मन बदलतं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. विचार पटायच्या आधीच शरीरात बरंच काही घडून गेलेलं असतं.

समजा, नागपुरात सदरच्या एखाद्या कॅफेत ओपन माइक, म्हणजे कुणीही स्टेजवर येऊन विनोद सांगावा असा कार्यक्रम आहे. मोमिनपुऱ्यातला एक पोरगा सांगतो, "माझा रोजा आहे हे कळल्यावर शेजारच्या काकू काळजीनं म्हणाल्या, अरे बापा, उपासाले साबुदाना तं चालते नं?" सगळे खो खो हसतात. मॅकग्रॉ आणि वॉरन या अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे, काहीतरी चुकतंय आणि तरी कुणाला इजा होत नाहीये, हे दोन्ही एकदम जाणवलं की हसू फुटतं. काकूंना रोजा कळलेला नाही, पण त्यांची माया खरी आहे.

आता खरी गंमत. हसताना बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल हवा झटक्याझटक्यानं बाहेर फेकतात. प्रत्येक 'हा' साधारण एक पंचमांश सेकंदाच्या अंतरानं येतो आणि मध्ये धड श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते या श्रमामुळेच मेंदूत एंडॉर्फिन सुटतं. हे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, आणि माणसामाणसांत जवळीक निर्माण करण्यातही त्याचा वाटा आहे. पण रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ते सहज ओलांडत नाही, त्यामुळे रक्त तपासून मेंदूतलं एंडॉर्फिन कळत नाही. म्हणून डनबार यांच्या गटानं वेदना सहन करण्याची ताकद मोजली. हाताला बर्फासारखं गार वेष्टण गुंडाळायचं, किंवा भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं, आणि माणूस किती वेळ टिकतो ते पाहायचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत, मनमुराद हसल्यानंतर लोक जास्त वेळ टिकले.

२०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूच्या शास्त्रज्ञांनी थेट मेंदूतच डोकावून पाहिलं. मेंदूच्या पेशींवर एंडॉर्फिनसारखी रसायनं जिथे चिकटतात त्या जागांना ओपिऑइड ग्राहक म्हणतात. त्यांनाच चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य टोचून त्यांनी पेट (PET) स्कॅन केले, म्हणजे ते द्रव्य मेंदूत कुठे किती आहे याची चित्रं घेतली. सभागृहातल्या खुर्च्या आधीच भरल्या असतील तर उशिरा आलेल्यांना जागा मिळत नाही. तसंच मित्रांसोबत हसल्यावर मेंदूच्या काही भागांत या द्रव्याला कमी ग्राहक मोकळे सापडले, कारण शरीराच्या स्वतःच्या रसायनांनी ते व्यापले होते.

हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो. आणि हसू ओळखायला एकच संस्कृती लागत नाही. नामिबियातल्या हिंबा लोकांनी ब्रिटिशांचं आणि ब्रिटिशांनी हिंबांचं हसू नुसत्या आवाजावरून ओळखलं.

'रोज हसा, कॅन्सर पळवा' असे मेसेज मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. वेदना थोडी सुसह्य होणं आणि गाठ विरघळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा भूलथापांनी उपचार लांबतात.

एंडॉर्फिनला धर्म नसतो, तसा विवेकही नसतो. हॉलमध्ये नसलेल्या जमातीची टिंगल करून हसलं तरी हसणारे आपापसांत घट्ट होतात आणि दरी उलट रुंदावते. म्हणून खुर्च्यांवर कोण बसलंय हे महत्त्वाचं. अमेरिकेत ज्यू धर्मगुरू बॉब ऑल्पर आणि इजिप्तमध्ये जन्मलेला मुस्लिम कॉमेडियन अहमद अहमद २००२ पासून एकाच स्टेजवर आले, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. आपल्याकडे नागपुरात पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांवरची, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवरची टोमणेबाजी वाचून रस्त्यावर जमलेली अख्खी गर्दी एकत्र हसते. स्टँड-अपवाल्यांनीही तिकिटं धरमपेठेपुरती न ठेवता मोमिनपुरा, इंदोरा, जरीपटका अशा शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांपर्यंत पोचवावीत. आणि मानसशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यानं अशा मिश्र शोच्या आधी आणि नंतर प्रेक्षकांना भिंतीला टेकवून बसवावं. एक स्टॉपवॉच आणि एक भिंत, एवढ्यात हा प्रयोग नागपुरातही होऊ शकतो.